एका माणसाचा तंबू

विजयसिंहांनी त्या सकाळी नुसतं "बरं, जा" म्हटलं असतं, तर ही गोष्ट तिथंच संपली असती आणि तुम्ही-आम्ही आपापल्या कामाला लागलो असतो. पण चहा पिताना माणसाला सुचलेलं कधी धड असतं का? बशीतल्या चहावर फुंकर मारत ते म्हणाले, "बरं, जा. पण तंबू मी बघणार."

झालं! त्या एका फुंकरीनं पुढचं सगळं पेटलं ते असं.

विजयसिंह म्हणजे आमच्या शेळगावचे विजूदादा. धंदा शेततळ्यांना कागद बसवायचा. जेसीबीनं खड्डा काढला की त्यात पाचशे मायक्रॉन जाडीचा काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, गरम हवेच्या मशिननं एका पट्टीला दुसरी पट्टी चिकटवायची आणि मालकाला छातीवर हात ठेवून सांगायचं, "एक थेंब जाणार न्हाय." इंदापूर तालुक्यात त्यांनी बसवलेली साठ-सत्तर तळी आहेत, आणि खरोखरच एकाचाही थेंब गेलेला नाही. (तळ्यात थेंब आलाच नाही अशी पाच-सहा आहेत, पण तो दोष पावसाचा.) तेव्हा पाण्यापासून बचाव कसा करायचा हे आपल्याला दुकानदारानं शिकवावं, ही गोष्ट त्यांना बापजन्मात मान्य होणार नव्हती.

त्यांची बायको अनिता. गावातल्या अंगणवाडीची सेविका, वय अठ्ठेचाळीस. गेलं वर्षभर ती आणि आणखी सातजणी पहाटे कालव्याच्या रस्त्यानं चालायला जात. त्यांच्या म्होरक्या सुप्रिया मॅडम, बारामतीच्या एका शाळेत पीटी शिकवणाऱ्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी नसली तरी समोरच्याला ती दिसायची. या मॅडमनी टूम काढली की नुसतं कालव्याकडेनं किती दिवस चालायचं? रतनगडापासून हरिश्चंद्रगडापर्यंत चार दिवस डोंगरातनं पायी जायचं. गाडी नाही, हमाल नाही. अंथरूण, शिधा आणि तंबू जिचा तिनं पाठीवर घ्यायचा.

"चार दिस म्हंजी चार रातीबी आल्या की," विजूदादा म्हणाले होते.

"तीन. चवथ्या राती मी घरी हाय."

"आन् झोपायचं कुठं?"

"तंबूत."

"कुणाच्या?"

"माझ्या," अनिता म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

हा 'माझ्या' विजूदादांना टोचला. सव्वीस वर्षांच्या संसारात घर आपलं, म्हैस आपली, कर्जसुद्धा आपलं. 'माझं' असं तिनं कशालाच म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यात सुप्याचं माहेर सोडलं तर ती कधी एकटी कुठं राहिली नव्हती. आणि माहेरी गेली की हे दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून मोटारसायकल घेऊन दारात हजर. एकदा तर "मिठाचा डबा सापडना" म्हणून पन्नास किलोमीटर गेले होते. आता रतनगडाला मिठाचा डबा विचारायला कसं जाणार?

हे सगळं बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं. पण बायकोला "तुझ्याबिगर मला करमत न्हाय" असं सांगायची पद्धत त्यांच्या घराण्यात नव्हती. म्हणून ते तंबूवर घसरले.

रविवारी दोघं बारामतीला गेली. दुकानाचे मालक ज्ञानेश, चाळिशीतले, चष्मेवाले, शांत स्वभावाचे. म्हणजे त्या दिवसापर्यंत शांत.

"ताई, हा बघा. एका माणसाचा. वजन दीड किलो, घडी केली तर भोपळ्याएवढा. पूर्ण वॉटरप्रूफ," ज्ञानेशनी एक नारिंगी तंबू उभा केला.

"वॉटरप्रूफ म्हंजी किती?" विजूदादांनी तोंड उघडलं.

"तीन हजार एमएम."

"तीन हजार मिलिमीटर! अवो, आमच्याकडं वर्साला पाचशे पडला तर आमी पेढं वाटतो. म्हंजी सा वर्सांचा पाऊस एकदम पडला तरी..."

"ते पावसाचं माप नाही दादा. कापडावर तीन हजार मिलिमीटर उंच पाणी उभं केलं तरी ते झिरपत नाही, असा त्याचा अर्थ."

"म्हंजी तीन मीटर खोल तळं! मग तसं बोला की!" विजूदादा खूश झाले. आता विषय त्यांच्या घरात आला होता. पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "थांबा. तीन मीटरच्या तळ्याला मी पाचशे मायक्रॉनचा कागद घालतो. हे किती मायक्रॉन?"

"कापड मायक्रॉनमध्ये नाही मोजत दादा. हे वीस डेनिअरच्या धाग्याचं आहे."

विजूदादांनी कापड चिमटीत धरलं, डोळ्याला लावलं आणि त्यातून ज्ञानेशकडं बघितलं. "ह्यातनं तुमचा चष्मा दिसतोय मला. ह्यो काय पाणी अडवणार?"

"अहो, त्यांना कळतंय का तुमाला?" अनिता म्हणाली.

"बरं, दोन माणसांचा किती किलोचा?"

"सव्वादोन."

"मग दोन माणसांचाच द्या."

"तो कशाला?" अनितानं विचारलं.

"असावा. अडीअडचणीला."

"तितं माझ्या तंबूत अडीअडचणीला कोण येणार हाय?"

ज्ञानेशनी एकदम पंख्याकडं बघायला सुरुवात केली. विजूदादांनी मग सहा माणसांचा एक मंडप दाखवायला लावला, त्यात उभं राहता येतं हे स्वतः उभं राहून दाखवलं. अनिता म्हणाली, "मला उभं न्हाय ऱ्हायचं, झोपायचं हाय," आणि तिनं नारिंगी तंबू काखेत मारला. येताना पिंपळी गेली, भवानीनगर मागं पडलं, तरी विजूदादा हूं की चूं नाही. घराच्या दारात गाडी लावताना फक्त एकदा हेल्मेटमध्ये पुटपुटले, "एका माणसाचा!"

सोमवारी-मंगळवारी अनिताला इंदापूरला अंगणवाडीचं ट्रेनिंग होतं. ती गेली आणि विजूदादांनी ओसरीवर तंबू उलगडला. वाईट हेतू काही नव्हता, आधीच सांगून ठेवतो. त्यांच्या डोळ्यासमोर आलं ते एवढंच, की कुठल्या तरी डोंगराच्या माथ्यावर अवकाळी पाऊस लागलाय, गारठ्यानं दात वाजतायत, आणि या फडक्याखाली आपली अनिता ओल्या जमिनीवर अंग चोरून पडलीय. हाक मारायला जवळ कुणी नाही. ते उठले, पाणी प्यायले, आणि गरम हवेचं मशिन घेऊन आले.

तपासणीत दोष भरपूर निघाले. माथ्याजवळ दोन्ही अंगाला जाळीच्या खिडक्या होत्या. हवा खेळायला म्हणे! भोक ते भोक, हवा येते तिथनं पाणी येणारच. तळाचं कापड पापडासारखं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तंबू चक्क सुईदोऱ्यानं शिवलेला. शिलाई म्हणजे काय? भोकांची रांग! शेततळ्याचा कागद कुणी शिवून बसवला असता, तर मालकानं त्याच तळ्यात बुडवला असता त्याला.

मशिनची गरम हवा शिलाईला लागली मात्र, नारिंगी कापड लाजाळूच्या पानागत आक्रसलं आणि कलिंगडाच्या फोडीएवढं भगदाड पडलं.

"गेलं वाटतं," बांधावरून आवाज आला. हा कुंडलिक. शेजारचा मकावाला. स्वतःच्या रानात तो फक्त जेवायला जातो, बाकी वेळ दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून सल्ला देतो.

"गेलं काय त्यात? ठिगळ लावू."

मग त्या भगदाडाला शेततळ्याच्या कागदाचं ठिगळ लागलं. ठिगळाच्या कडेनं कापड पुन्हा आक्रसलं, म्हणून दुसरं मोठं ठिगळ. दोन्ही खिडक्या बंद. तळाला अखंड पाचशे मायक्रॉनचा कागद. आणि तो नुसता तळाला ठेवून भागतं का? बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून त्यांनी चारी बाजूंनी गुडघाभर उंच बांध घेतला, कोपरे सगळे पक्के चिकटवले. त्या भानगडीत दाराची चेन खालून अर्धी बांधात गेली. आता आत शिरायचं तर पाय उचलून, बांध ओलांडून शिरायचं. मंगळवारी संध्याकाळी तंबू तयार झाला, तेव्हा मूळचं नारिंगी कापड बघायला दोन-चार ठिकाणी बोट दाखवावं लागत होतं.

"वजन केलं का?" कुंडलिकनं विचारलं.

कांद्याच्या पिशव्या मोजायच्या काट्यावर तंबू ठेवला. अकरा किलो भरला.

"वहिनी चढतील का हे घेऊन?"

"डोंगर चढताना जड, पण पावसात झोप तर सुखाची लागंल," विजूदादा म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा बारीक निघाला. रात्री त्यांनी तंबू गोठ्यात वैरणीमागं ठेवला. उद्या पाण्याची चाचणी घेऊ, एक थेंब आत गेला नाही हे अनिताला डोळ्यांनी दाखवू, मग वजनाचं सांगू, असा त्यांचा बेत होता.

बुधवारी दुपारी म्हशीसाठी केलेल्या लसूणघासाच्या वावराच्या कडेला मोकळ्या जागेत त्यांनी तंबू ठोकला. आधी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन त्यावर वरून पाणी मारलं. डोकावून बघितलं तर एक थेंब आत नाही. विजूदादांना हर्ष झाला. आता आतून बघू, म्हणून बांध ओलांडून ते आत शिरले. खिडक्या बंद असल्यामुळं आत भट्टी लावल्यासारखं झालं होतं, म्हणून दाराची वरची अर्धी चेन उघडी ठेवली. उघड्या दारातून वाऱ्याची एक झुळूक आली. दोन दिवसांचं काम, त्यात पोटात बाजरीची भाकरी. विजूदादांचा डोळा लागला.

आता शेतीच्या लाईटचं तुम्हाला सांगायला नको. एक आठवडा रात्रीची, एक आठवडा दिवसाची. रात्री मोटार चालू करायला कोण उठतंय, म्हणून सगळ्यांनी मोटारीला ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. विजूदादांच्या डोक्यात गेल्या आठवड्याची पाळी होती. पण पाळी सोमवारी बदलली होती. ठिगळं लावायच्या नादात माणसाला वार कुठला आठवतो? दुपारी दोनला लाईट आली, विहिरीवरची मोटार गुरगुरली, आणि घासातली रेनगन गरागरा फिरायला लागली.

ज्यांनी रेनगन बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मनगटाएवढी जाड पाण्याची धार साठ-सत्तर फुटांवर फेकणारी ती तोफ आहे. फिरत फिरत ती दर मिनिटाला एकदा तंबूच्या समोर यायची, आणि बरोबर उघड्या अर्ध्या दारातून बादलीभर पाणी आत टाकून पुढं जायची. बाहेर जायला पाण्याला वाट? शेळगावच्या सगळ्यात खात्रीच्या माणसानं चिकटवलेला कागद तो! गेल्या वीस वर्षांत त्यानं एक थेंब जाऊ दिला नव्हता.

पहिल्या फेरीला विजूदादा दचकून उठले असते, पण स्वप्नात ते रतनगडावर अवकाळीत सापडले होते आणि ते पाणी त्यांना स्वप्नातलंच वाटलं. कानात पाणी गेलं तेव्हा जाग आली. बघतात तर आपण पाण्यात. उठायला गेले तर कागद शेवाळावानी गुळगुळीत, पाय सर्रकन पुढं, बुड दाणकन खाली. चेन ओढायला गेले तर ती ठिगळात अडकलेली. तेवढ्यात तोफ पुन्हा आली आणि तोंडावर आख्खी बादली मारून गेली.

"अगं ए! बंद कर! कोण हाय का? मोटार बंद कराऽऽ!"

अनिता नुकतीच अंगणवाडीतून आली होती. ती धावत आधी विहिरीवर गेली, मोटार बंद केली, मग घासाकडं आली. मागोमाग कुंडलिक. (तो जवळच असणार होता, सांगायला नकोच.) समोर एक काळं, फुगलेलं, मधेच कुठंतरी नारिंगी काहीतरी डुलत होतं आणि त्याच्या अर्ध्या दारातून विजूदादांचं मुंडकं बाहेर आलं होतं. बसल्या जागी पाणी मांड्यांच्या वर.

"दादा, भरलं की तळं," कुंडलिक म्हणाला. "आता मासं सोडायचं तेवढं ऱ्हायलं."

त्याला वाटलं वहिनी हसतील. अनिता हसली नाही. तिनं नवऱ्याच्या काखेत हात घालून त्यांना बाहेर ओढलं, पदरानं त्यांचं डोकं पुसलं, आणि मग त्या तंबूभोवती एक फेरी मारली. कोपऱ्यात एका ठिकाणी नारिंगी कापड उरलं होतं, त्यावर तिनं हात फिरवला. मग ती बांधावर बसली.

"परवा पहाटं गाडी हाय माझी," ती म्हणाली.

"मी... तू भिजू नये म्हणून..."

"का मी जाऊ नये म्हणून?"

कुंडलिकला एकदम आपल्या मक्याची आठवण झाली आणि तो निघून गेला.

विजूदादा उभे. अंगातून पाणी गळतंय, पायाखाली चिखल. त्यांना "न्हाय" म्हणायचं होतं. छातीवर हात ठेवून म्हणायचं होतं. पण हात वर येईना. खरं सांगायचं तर त्यांचं त्यांनाच नीट माहीत नव्हतं. अनिताच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सव्वीस वर्षांत ते आपल्यामुळं आलेलं त्यांनी तीन-चारदाच बघितलं होतं. त्यांना स्वतःचा इतका राग आला की त्याच तळ्यात परत जाऊन बसावं असं वाटलं.

रात्री जेवताना पुण्याला शिकणाऱ्या लेकीचा, संस्कृतीचा फोन आला. "पप्पा, आईचा तंबू कसा आहे?" तिनं विचारलं. "वॉटरप्रूफ हाय," विजूदादा म्हणाले आणि फोन अनिताकडं दिला.

गुरुवारी सकाळी नऊला दुकान उघडायच्या आधीच दोघं बारामतीत ज्ञानेशच्या पायरीवर बसली होती. ज्ञानेशनी विजूदादांना बघितलं आणि चावी कुलपात तशीच धरून ते म्हणाले, "दादा, काय झालं?"

"काय न्हाय. आणखी एक द्या. त्योच."

ज्ञानेशनी दुकान उघडलं. "तसा एकच राहिलाय. हा दाखवायला उभा केलेला. बाकी आता पुढच्या आठवड्यात येतील."

"असू दे. आत जाऊन बघू का?" अनितानं विचारलं.

ती चप्पल काढून आत जाऊन आडवी झाली. तंबू तिच्या मापाचा होता. पाय पसरले तर बोटं टेकत नव्हती, हात पसरले तर दोन्ही बाजूंना कापड लागत होतं. विजूदादा बाहेर उकिडवे बसले. या वेळी त्यांनी कापड चिमटीत धरलं नाही, मायक्रॉन विचारले नाहीत. थोडा वेळ वाट बघून त्यांनी हळूच डोकं आत घातलं. डोकं आत, बाकीचे पंचाहत्तर किलो बाहेर. ज्ञानेशनी गिऱ्हाईक नसताना बिलाचं पुस्तक उघडून त्यात बघायला सुरुवात केली.

"बरं हाय का?" विजूदादांनी विचारलं.

"लई बरं हाय. उजेड कसा शेंदरागत पडतोय बघा."

"अनिता."

"काय?"

"तू घरी नसलीस की मला करमत न्हाय गं." तंबूच्या आत बोललेलं बाहेर कुणाला ऐकू जात नाही, असा त्यांचा समज होता. "मिठाचा डबा मला सापडला हुता तवा. कट्ट्यावरच हुता."

"म्हायती हाय मला. मीच ठेवला हुता."

"मग बोलली का न्हाईस?"

"पन्नास किलोमीटर आलेल्या माणसाला काय बोलायचं?" अनिता तशीच पडून वरच्या नारिंगी कापडाकडं बघत होती. "तुमाला वाटलं, एका माणसाचा तंबू घेतला म्हंजी तुमाला वगळलं. व्हय ना?"

विजूदादांनी नजर चुकवायला बघितलं. डोकं आत असल्यामुळं ते कुठं वळवायलाही जागा नव्हती.

"अवो, लग्न झाल्यापासनं मी कुणाचं ना कुणाचं ओझं घेऊन चाललीया. सासूबाईंचं केलं, पोरीचं केलं, म्हशीचा भारा, अंगणवाडीच्या पोरांचा शिधा. त्याचं दुःख न्हाय मला, खुशीनं केलं. पर एकदा, चार दिस, निसतं माझं ओझं घेऊन चालून बघायचं हाय. ते किती हाय ते तरी कळू दे मला."

विजूदादांना पुष्कळ बोलायचं होतं. "दीड किलो हाय," एवढंच ते म्हणाले. मग अनिता पहिल्यांदा हसली, तंबू हलेपर्यंत हसली, आणि त्यांच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "सरका आता, बाहेर येऊ द्या मला."

ज्ञानेशनी तंबू बांधून देताना विजूदादांना एकच गोष्ट विचारली, "दादा, घरी मशिन आहे का अजून?"

"कुलपात हाय," अनिता म्हणाली. "किल्ली माझ्याकडं हाय."

शुक्रवारी पहाटे विजूदादांनी तिची पाठपिशवी स्वतः उचलून गाडीपर्यंत नेली. (तेवढ्यापुरतं ओझं चालतं, असं मॅडमनी मोठ्या मनानं सांगितलं.) आठजणी बसल्या, गाडी निघाली. विजूदादा घरी आले, म्हशीची धार काढली, चहा केला. दोन कप केला. मग दोन्ही प्यायले.

शनिवारी संध्याकाळी ते दूध घालायला डेअरीत उभे होते. गावातली पंधरा-वीस माणसं रांगेत. फोन वाजला. अनिताचा! डोंगरावर कुठंतरी रेंज मिळाली होती, पण आवाज तुटत होता, म्हणून विजूदादांनी स्पीकर लावला. थोडं लोकांना कळावं हेही मनात होतं; आपली बायको गडावर आहे हे दिवसभरात तसं सगळ्यांना सांगून झालंच होतं.

"ऐकू येतंय का?"

"येतंय येतंय, बोल! पाय कसं हायत?"

"पाय झ्याक. काल चार तास चढलो. माझ्या मागं दोघी ऱ्हायल्या. आन् अवो, आज पहाटं पाऊस बी आला बारीक."

"मग? तंबू?"

"एक थेंब न्हाय!"

तंबूला आपला हात लागला नाही म्हणून हे झालं, एवढं कळण्याइतके विजूदादा आता शहाणे झाले होते.

"आन् ऐका," अनिताचा आवाज जरा हळू झाला, "तुमची लई आठवण येती हो."

दूध मापणाऱ्या दत्तोबाचं माप हवेतच राहिलं. विजूदादांची छाती दोन इंच वर आली. त्यांनी रांगेकडं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "व्हय? येती का आठवण?"

"पयल्या राती झोपच लागंना बघा. एवढी शांतता! सव्वीस वर्सांत असली शांतता ऐकलीच न्हाय मी. जीव घाबरा झाला. मग म्या तुमचं घोरणं लावलं."

"काय लावलं?"

"घोरणं. गुरवारी बारामतीवरनं आल्यावर दुपारी झोपला न्हवता का तुमी? तवा गुपचूप मोबाईलमधी भरून घेतलं. उशाशी ठिवलं आन् बघता बघता डोळा लागला माझा."

विजूदादांना स्पीकर बंद करायचं सुचलं नाही, कारण त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं. डोळे भरून आले होते. आपण घरी बसून दोन कप चहा पितोय आणि ती तिकडं आपला आवाज बरोबर घेऊन गेलीय! त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"फकस्त आज मॅडमनी मला तंबू लांब लावायला सांगितलाय," अनिता पुढं म्हणाली.

"का गं?"

"अवो, सगळ्यांना वाटलं बिबट्याच आला. काठ्या घेऊन उठल्या समद्या. मॅडम येताना आणलेली शिट्टी वाजवून वाजवून दमल्या. आन् आपली छबूबाई तंबूची चेन सापडंना म्हणून तंबू अंगावर घेऊनच पळाली. बरं, जेवला का तुमी? म्हशीला..."

रेंज गेली.

मग डेअरीत जे हसू फुटलं ते अर्धा तास आवरलं नाही. दत्तोबाचं चार लिटर दूध त्यात सांडलं. विजूदादा किटली उचलून तरातरा निघाले, तर मागून कुंडलिक पळत आला. तो एकटाच हसत नव्हता. तो गंभीर होता.

"दादा, येवढं काम करा. वहिनी आल्या की ते रेकॉर्डिंग मला द्या."

"कुंडल्या, तोंड सांभाळ!"

"चेष्टा न्हाय दादा, आईशप्पत. मक्यात रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. भोंग्यावर कुत्र्याचं भुंकणं लावून बघितलं, फटाकड्यांचा आवाज लावला, वाघाची डरकाळी बी लावली. कशालाच भ्यायनात. हे एकदा लावून बघतो."

विजूदादांनी त्याला चार शिव्या दिल्या आणि महिनाभर बोलले नाहीत. पण अनिता आली, चेहरा उन्हानं रापलेला, चालण्यात एक वेगळाच डौल, आणि तिनं कुंडलिकला ते रेकॉर्डिंग पाठवून दिलं. शेजाऱ्याचं नुकसान का करा, म्हणाली. त्या रात्रीपासून कुंडलिकच्या मक्यात एक डुक्कर फिरकलं नाही. मग ते वरच्या रानातल्या लखननं मागून नेलं, झुंबरनं नेलं, पलीकडच्या वस्तीवर गेलं.

आता आमच्याकडं दिवस मावळला की सात-आठ रानांतल्या भोंग्यांवरून विजूदादा घोरायला लागतात. अनिता घरात गाढ झोपलेली असते. तिच्या शेजारी विजूदादा तेवढे टक्क जागे. एवढ्या आवाजात त्यांना झोप लागत नाही.